कार्ड खाटेसाठी, कान बाह्यरुग्ण विभागात: जोयड्यातून श्रवणतज्ज्ञ शोधताना

"आईला ऐकू येत नाही. आयुष्मानचं कार्ड चालेल असा कानाचा डॉक्टर जवळपास कुठे आहे?" रामनगरच्या बसथांब्यावर, जोयड्याच्या तालुका दवाखान्याच्या व्हरांड्यात किंवा बेळगावच्या पाहुण्यांना केलेल्या फोनवर हा प्रश्न साधारण ह्याच शब्दांत विचारला जातो. प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तीन राज्यांच्या योजना, चार दिशांचे रस्ते आणि कागदपत्रांचा एक गठ्ठा यांत विखुरलेलं आहे. ते एका जागी मांडून पाहावं एवढंच इथे करायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: कार्डाकडून आपण जे मागतो, ते देण्यासाठी ते कार्ड बनवलेलंच नाही.

आधी तालुका समजून घ्यावा लागेल. जुना सुपा तालुका म्हणजे आजचा जोयडा. उत्तर कन्नड जिल्ह्यात एवढा विस्तीर्ण आणि एवढ्या विरळ वस्तीचा दुसरा तालुका नाही. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, आणि तीही जंगलात वाड्यावाड्यांनी पसरलेली. कुणबी, गवळी, सिद्दी, मराठा अशी वस्ती. घरात कोंकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड. काळी नदीवरच्या धरणात मूळ सुपा गाव बुडालं, विस्थापितांतले बरेच रामनगरला वसवले गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यात आली. तालुक्याचा मोठा भाग आता काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. दिग्गी किंवा उळवीकडच्या माणसाला तालुक्याच्या गावी येणं म्हणजेच दिवस मोडणं, आणि जिल्ह्याचं ठिकाण कारवार जोयड्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर, तेही अणशी घाट उतरून. पावसाळ्यात घाटात दरड आली की हिशेबच बदलतो. म्हणून 'जवळचा श्रवणतज्ज्ञ' ह्यातला 'जवळचा' हा शब्द इथे पुण्या-मुंबईच्या अर्थाने घेता येत नाही.

दुसरी गोष्ट, 'कानाचा डॉक्टर' ह्या एका नावाखाली तीन वेगळी माणसं येतात आणि कोणाकडे जायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणजे एमबीबीएसनंतर शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेला. कान वाहतो, पडदा फाटला, मळ घट्ट बसला, हाड सडलं, तर तो पाहिजे. ऑडिऑलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ. चार वर्षांची, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं अशी पदवी घेऊन तो किती ऐकू येतं ते मोजतो, यंत्र ठरवतो, बसवतो आणि पुढे ते जुळवून देत राहतो. औषध देणं त्याचं काम नाही. तिसरा, यंत्र विकणारा. तो कंपनीचा माणूस असतो, 'मोफत तपासणी शिबिरा'च्या फलकाखाली बसतो, आणि त्याच्याकडे कानाचं शिक्षण असेलच असं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत श्रवणतज्ज्ञाचा क्रमांक असतो. तो विचारायला संकोच करू नये. ज्याच्याकडे आहे तो सांगतो. नसेल तो विषय बदलतो.

आता कार्ड. कर्नाटकात २ मार्च २०१८ रोजी आरोग्य कर्नाटक योजना सुरू झाली, त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि ऑक्टोबराच्या शेवटी दोन्ही एकत्र केल्या गेल्या. कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. एपीएल कुटुंबाला पॅकेज दराच्या ३० टक्के, आणि तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. कार्ड ग्राम वन केंद्रात निघतं, आधार आणि रेशनकार्ड लागतं. आणीबाणी नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे तो उपचार होत नसेल तर त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात. चिठ्ठीशिवाय थेट बेळगावच्या मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर उभं राहिलं की परत पाठवतात, आणि त्यात काउंटरवरच्या मुलीचा दोष नसतो.

पण मुख्य अडचण चिठ्ठीची नाही. ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची आहे. केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या आणि औषधं पॅकेजात धरतात. बाह्यरुग्ण विभागात होऊन संपणारं काम तिच्यात बसत नाही. कानाच्या फाटलेल्या पडद्याची शस्त्रक्रिया, कानामागच्या सडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया, ह्या बसतात. बहिरेपणाची तपासणी, श्रवणयंत्र, त्याचा साचा, त्याची जुळवणी हे सगळं माणूस खुर्चीवर बसून, खाटेला पाठ न लावता होतं. त्यामुळे 'कार्ड स्वीकारणारा श्रवणतज्ज्ञ' शोधणारा माणूस मुळात चुकीच्या खिडकीपुढे रांग लावतो. ५ लाखांचं कार्ड खिशात असताना पंधरा-वीस हजारांच्या यंत्रासाठी म्हैस विकावी लागते, ती ह्या एका रेघेमुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना ५ लाखांचं वेगळं कार्ड जाहीर केलं. सत्तरीनंतर माणसाला सर्वांत जास्त जे सतावतं त्यात कान वरच्या नंबरावर आहे, आणि तेच नेमकं त्या कार्डाबाहेर राहिलं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ साली आली तेव्हा श्रवणयंत्र कायद्यानेच वगळलं होतं. उलट ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९४८ मध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, सरकारी बनावटीचं मेड्रेस्को यंत्र मोफत द्यायला सुरुवात केली. युद्धानंतर पैशाची चणचण असलेला तो देश होता. पैसा आहे की नाही यापेक्षा योजनेचा आराखडा कागदावर काढताना कान कोणाच्या लक्षात होता, यावर बरंच ठरतं.

मग यंत्र कुठून मिळतं? विम्याच्या खिडकीवर नाही. अपंग कल्याणाच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या खिडकीवर. केंद्राची ॲडिप योजना १९८१ पासून चालू आहे. महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. अट अशी की किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा आणि मागच्या तीन वर्षांत सरकारकडून तेच साधन घेतलेलं नसावं. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एका वर्षाची. यंत्रं बहुधा कानपूरच्या ॲलिम्को ह्या सरकारी कारखान्याची, वाटप बहुधा शिबिरात.

दाखल्याची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा जास्त ऱ्हास असलेल्याला बहिरा आणि ६० ते ७० डेसिबलवाल्याला कमी ऐकू येणारा म्हटलं आहे. आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. पन्नास-पंचावन्न डेसिबल ऱ्हास झालेला माणूस समोरासमोर बसला, शांतता असली, तर काम भागवतो. ग्रामसभेत, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या खिडकीपलीकडून आलेला आवाज त्याला लागत नाही. व्यवहारात तो अर्धा बहिरा, आणि कायद्यात धड काहीच नाही. माझ्या मते ह्या प्रश्नातला सर्वांत मोठा गट हाच आहे, आणि त्याच्यासाठी तोंड उघडणारा कोणी नाही.

ह्या गटातल्या साठीपुढच्या माणसांना एक वाट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात सुरू झाली. बीपीएल किंवा महिना १५,००० पर्यंत उत्पन्न असलेल्या ६० वर्षांवरच्या माणसाला वयामुळे आलेल्या कमतरतेसाठी काठी, चाकाची खुर्ची, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र मिळतं. हीसुद्धा ॲलिम्कोमार्फत, शिबिरांतूनच. जिल्ह्यात शिबिर कधी आहे हे पंचायतीला कळलं पाहिजे आणि पंचायतीने वाडीवर कळवलं पाहिजे, एवढी तिची मेख आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये स्वतःची मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली, ६५ वर्षांवरच्यांना एकरकमी ३,००० रुपये खात्यात. तीन हजारांत धड श्रवणयंत्र येत नाही. बाजारातला आवाज मोठा करणारा डबा येतो, तो भांड्यांचा खणखणाट आणि सुनेचं बोलणं सारख्याच जोराने कानात ओततो, आणि आठवड्याभरात कपाटात जातो.

कपाटात जाणाऱ्या यंत्रांचा विषय निघालाच आहे तर यंत्र कानात कसं बसतं ते जवळून पाहू. तपासणी झाली, यंत्र ठरलं, की कानामागच्या यंत्रासाठी कानाचा साचा घ्यावा लागतो. श्रवणतज्ज्ञ आधी आत दिव्याने पाहतो, मळ असेल तर तिथेच काम थांबतं आणि माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो. कान स्वच्छ असेल तर दोरा बांधलेला कापसाचा छोटा बोळा नळीत आत सरकवतो, म्हणजे लगदा पडद्यापर्यंत जाऊ नये. मग दोन लगदे कालवून पिचकारीने कान भरतो. थंडगार लागतं, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, म्हातारी माणसं दचकतात. पाचेक मिनिटांत लगदा घट्ट होतो, अलगद फिरवून बाहेर काढतात: त्या माणसाच्या कानाची उलटी प्रतिमा. ती कार्यशाळेत जाते, तिथून पारदर्शक किंवा मऊ साचा होऊन येतो, आणि तोपर्यंत दिवस जातात. म्हणजे दुसरी फेरी. साचा बसवून यंत्राचा आवाज जुळवला, घरी गेल्यावर शिट्टी वाजायला लागली किंवा कान दुखला, म्हणजे तिसरी. चष्मा एकदा नाकावर बसला की संपलं. यंत्राचं तसं नाही, मेंदूला तो नवा आवाज सवयीचा व्हायला आठवडे लागतात आणि त्या आठवड्यांत कोणी तरी हाताशी पाहिजे. शिबिरात एका दिवसात साचाच घेतला नाही, तयार टोपी लावून यंत्र दिलं, तर ते सैल बसतं, शिट्टी मारतं आणि जागा बदलतं: कानातून खिशात, खिशातून ट्रंकेत.

त्यात जोयड्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की भिंतीवर बुरशी चढते. ओल्या कानातही चढते. यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब जमतात. रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचं असतं, आणि ही डबी यंत्राबरोबर दिली गेली की नाही यावर यंत्राचं आयुष्य ठरतं. बटणासारख्या बॅटरीवर एक रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा लागून बॅटरी सुरू होते, पुन्हा चिकटवून काही वाचत नाही. पाकिटातल्या सहाच्या सहा बॅटऱ्यांच्या पट्ट्या एकदम सोलून ठेवणारी घरं असतात. दोष घराचा नाही, कोणी सांगितलेलं नसतं. ह्या बॅटऱ्या मिळवायला दांडेली किंवा बेळगाव गाठावं लागत असेल, तर महिन्याभरातच यंत्र गप्प होतं.

आता दिशा. जोयड्यातून कानासाठी बाहेर पडणाऱ्या माणसापुढे चार रस्ते आहेत, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

कारवार हा कागदोपत्री पहिला रस्ता. जिल्हा रुग्णालय तिथे आहे आणि २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की कान-नाक-घसा विभाग आला आणि त्या विभागात ऑडिओमेट्रीची खोली आली. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, त्याचा आराखडाही जिल्हा रुग्णालयापाशीच माणसं नेमतो. तालुक्याला शिक्षण-तपासणी-पाठवणी एवढंच काम दिलेलं आहे. म्हणजे तालुका दवाखान्यात श्रवणतज्ज्ञ नाही ही तिथल्या डॉक्टरांची कसूर नव्हे. योजनेत ती खुर्चीच ठेवलेली नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र कारवारचा रस्ता चुकवू नये, कारण दाखला आपल्या जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडून निघतो.

रामनगर, जगलबेट, तिनईघाट, कॅसलरॉक ह्या पट्ट्यातल्या माणसाला मात्र कारवार परदेश वाटतो आणि बेळगाव घर. लोंढा-खानापूरमार्गे सरळ रस्ता, रेल्वे, नातेवाईक, मराठी बोलणारे डॉक्टर. तिथे बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे, खासगी कान-तज्ज्ञ पुष्कळ. राज्य तेच असल्याने कार्डही तेच. कारवारची पायरी न चढता बेळगावच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घेणं व्यवहारात सोपं जातं. तपासणीपुरतं जायचं असेल तर माझी पसंती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला: रांग लांब, शुल्क नाममात्र आणि यंत्र विकण्यात कोणाला रस नाही.

तिसरा रस्ता धारवाड-हुबळीचा, दांडेली-हल्याळवरून. हुबळीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, लोकांचं किम्स. पण धारवाडचं एक ठिकाण लोकांना ठाऊक नसतं: केलगेरीतली जेएसएस वाक्-श्रवण संस्था. श्रवणतज्ज्ञ घडवणाऱ्या कॉलेजात देखरेखीखाली शिकणारी मुलं तपासतात, वेळ भरपूर देतात, प्रश्न विचारले तर कंटाळत नाहीत. घाईच्या शहरी दवाखान्यात दहा मिनिटांत उरकणारं काम तिथे तासभर चालतं, आणि कानाच्या बाबतीत तासभर हीच मोठी गोष्ट आहे. ह्या साऱ्या संस्थांची थोरली बहीण म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, १९६५ ची. लहान मुलाचं अवघड निदान अडलं तर तिथवर जाण्यात अर्थ आहे. मराठी मुलखात त्याच जातीची संस्था म्हणजे मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ ची.

चौथा रस्ता अनमोड घाटाने गोव्याचा. पोराबाळांचं काम गोव्यात, म्हणून आजारी माणसालाही तिकडेच न्यायचं, ही इथली जुनी रीत. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज उत्तम आहे, पण २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क पडतं, आणि गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किमान पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांची. मुलगा म्हापशात बारा वर्षं राहतो म्हणून उळवीच्या आईला ती लागू होत नाही.

आणि मराठी वाचकाच्या मनात असलेला पाचवा रस्ता, महाराष्ट्राचा. महाराष्ट्राने ज्या ८६५ सीमावर्ती गावांवर हक्क सांगितला आहे त्यांत कारवार, हल्याळ आणि सुपा हे भाग येतात. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, मग २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, हा इतिहास वाचकांना पाठ आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ह्या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटकात बोम्मई सरकार होतं, त्याने तीव्र आक्षेप घेतला. भाषणं झाली, अग्रलेख झाले. त्या गदारोळात कोणी विचारलं नाही की ह्या योजनेतून सीमाभागातल्या म्हाताऱ्याला नेमकं काय मिळणार. फुले योजनाही दाखल रुग्णाचीच. शस्त्रक्रिया मिळेल, यंत्र मिळणार नाही. सुप्याच्या कानाबद्दल दोन्ही राज्यांचं मौन एकसारखं आहे, सीमाप्रश्नात एवढं एकमत दुसरीकडे कुठे आढळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत चित्र बरंच बरं आहे, आणि हे सांगितलं पाहिजे कारण पालकांना ते माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ चा. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे, आणि संशयित मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. कॉक्लिअर इम्प्लांटसारखी लाखो रुपयांची शस्त्रक्रिया ॲडिपमधून होते. कर्नाटकाची 'श्रवण संजीवनी' ही मोहीमही ह्याच कामाची. जगभर मान्य झालेला नियम असा: महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. इथे घरात वेगळाच नियम चालतो. 'मुलगे उशिराच बोलतात', 'ह्याचा बापही चार वर्षांचा होऊन बोलला'. दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल तर आज्जीच्या अनुभवापेक्षा आशाताईचा फोन जास्त कामाचा.

कामगारांचा गट छोटा, पण हक्काच्या बाबतीत त्याची बाजू सर्वांत भक्कम. खरा विमा, ज्यात बाह्यरुग्ण तपासणीही आहे आणि श्रवणयंत्रही, तो कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेचा. दांडेलीत कागद कारखान्याच्या काळापासून कामगारवस्ती आहे आणि ईएसआय रुग्णालयही. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याची कपात होते. जोयडा-गणेशगुडी भागातल्या रिसॉर्टांत राबणाऱ्या मुलांनी पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते का ते एकदा पाहावं. सततच्या गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आलेखावर तो स्पष्ट दिसतो, आणि गोंगाटाने आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून भरपाईला पात्र आहे. तालुक्यातल्या जुन्या मँगनीज खाणींत सुरुंगांजवळ उमर घालवलेल्यांना हे कोणी सांगितलं नाही. आता त्यांचं वय झालं. माजी सैनिकांनी, आणि ह्या पट्ट्यात मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त जवान आहेत, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) दवाखान्यातून यंत्राची मागणी करावी. रेल्वेच्या पेन्शनरांना हुबळीचं रेल्वे रुग्णालय आहे.

एवढ्या योजना असून माणूस बहिराच राहतो, तेव्हा आणखी एक योजना काढणं हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना ऐकण्यासाठी मदतीची गरज आहे. भारताचा वापरात असलेला आकडा ६ कोटी ३० लाखांचा. इतक्यांना श्रवणतज्ज्ञाच्या दारी आणणं जमणार नाही, श्रवणतज्ज्ञाला त्यांच्या दारी नेणं जमू शकतं. ऑस्ट्रेलियाने १९४७ मध्ये युद्धावरून परतलेले सैनिक आणि जर्मन गोवराच्या साथीत बहिरी झालेली मुलं यांच्यासाठी सरकारी श्रवण प्रयोगशाळा काढली, आणि तिची आजची वारसदार संस्था दूरच्या आदिवासी वस्त्यांवर माणसं पाठवते. जोयड्यासारख्या तालुक्याला तेच पाहिजे: महिन्यातला एक ठरलेला वार, जोयडा आणि रामनगर आळीपाळीने, कारवारच्या महाविद्यालयातला श्रवणतज्ज्ञ, सोबत हातात मावेल एवढं ऑडिओमीटर, साच्याचं सामान आणि बॅटऱ्यांचा डबा. मागच्या महिन्यात घेतलेले साचे ह्या महिन्यात बसवायचे. शांत खोली नाही म्हणून अडेल असं म्हणणाऱ्यांनी दुपारी तालुका दवाखान्याचा क्ष-किरण कक्ष पाहावा. आणि तामिळनाडूने मुख्यमंत्री विमा योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट घातलं तसं कर्नाटकाने आपल्या पॅकेजांत श्रवणयंत्र आणि त्याच्या तीन फेऱ्या घालाव्यात. ही मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावातून, जोयड्याच्या तालुका पंचायतीतून जायला हवी. सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावरूनही जायला हरकत नाही, उलट तिथून गेली तर दोन सरकारांना एकाच वेळी ऐकू येईल.

तोवर ज्याला उद्याच निघायचं आहे त्याच्यासाठी थोडं. आधी जोयडा किंवा रामनगरच्या सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या. बऱ्याच तक्रारी मळाच्या किंवा वाहत्या कानाच्या असतात आणि तिथल्या तिथे सुटतात. कानात तेल सोडून जाऊ नका, तपासणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. निघण्याआधी फोन करून श्रवणतज्ज्ञ कोणत्या वारी बसतो ते विचारा. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो आणि जुने कागद एका पिशवीत. घरातलं एक तरुण माणूस बरोबर न्या, कारण साचा, बॅटरी आणि ओल यांबद्दल जे सांगतील ते म्हाताऱ्या माणसाला त्या दिवशी ऐकू येणार नाही. तपासणीचा आलेख मागून घ्या, तो तुमचा आहे, पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच दाखवायचा आहे. आणि यंत्र मिळणार नाही म्हणून आयुष्मानचं कार्ड घरी ठेवू नका: पडदा फाटलेला निघाला तर शस्त्रक्रियेला तेच लागतं.